अनुसयाबाईचा दोर

"साहेब लोक, तुमचं रजिस्टर खोटं बोलून राहिलं," मागच्या रांगेतून अनुसयाबाई म्हणाली, आणि सभेतल्या साऱ्या माना वळल्या.

प्रभागाची सभा होती. आमच्या वस्तीच्या बागेसाठी पालिकेनं निधी द्यायचा, की बाग लग्नाच्या लॉनसाठी ताराचंद ठेकेदाराला देऊन मोकळं व्हायचं, एवढंच ठरायचं होतं. बागेत पाणी नाही, टँकर परवडत नाही, असं इंजिनीअर हिमानी मॅडम सांगत होत्या. जुनं रजिस्टर उघडून त्यांनी वाचलं, "बागेतली विहीर कोरडी, अशी दरवर्षीची नोंद आहे."

मी खाली मान घालून बसलो. कारण ती नोंद माझी होती! तीस वर्षं मी पालिकेत कारकुनी केली. ते मे महिन्यातलं नागपूरचं ऊन, त्यात पंख्याखालून कोण उठतो? बसल्या जागी लिहून टाकलं, कोरडी. पुढं दरवर्षी तेच उतरवत गेलो.

अनुसयाबाई बागेतली माळीण. उमरेडच्या विणकराची लेक, बोलायला फटकळ. तिनं पिशवीतून एक दोर काढून मॅडमपुढं टेबलावर ठेवला. दोरावर रंगीत सुताच्या गाठी होत्या.

"दर मे महिन्यात मी हा दोर विहिरीत सोडतो. टोक पाण्याले लागलं, का काठाशी गाठ मारतो. बाबाच्या मागावरचं जे सूत उरलं असंन, त्या रंगाची. एकोणीस वर्षांच्या एकोणीस गाठी आहेत, मोजून घ्या. आन् ही लाल पाहा. त्या साली सारी वस्ती टँकरमागं धावून राहिली होती. तरी बावीस हातावर पाणी होतं."

ताराचंद हसला. "सुताच्या गाठीवर सरकारी मंजुरी भेटते का कुठं, बाई?"

चार-दोन जण हसले. मॅडम रजिस्टराकडे बघू लागल्या. अनुसयाबाई खाली मान घालून दोर गुंडाळायला लागली. ते काही मला बघवेना. एकोणीस वर्षं ही बाई उन्हात विहिरीवर वाकली, आणि आज माझ्या एका शब्दापायी बाग जाणार!

मी उठलो. "मॅडम, ते अक्षर मायं आहे. मी विहिरीत एकदाही वाकून पाह्यलं नाही. खोटं मी लिहिलं. बाई खरं सांगून राहिली."

लाजेनं माझे कान तापले. मॅडमनी रजिस्टर मिटलं. "चला, बघूनच घेऊ."

सारी सभा बागेत गेली. अनुसयाबाईनं टोकाला दगड बांधून दोर सोडला. लाल गाठ काठाशीच होती, अजून आत गेलीही नव्हती, आणि खालून डुबुक आवाज आला. म्हातारेकोतारेसुद्धा टाळ्या पिटायला लागले. त्याच दुपारी ठराव झाला. बाग पालिकेचीच राहील, आणि पंप, पाइप, प्यायच्या पाण्याचा नळ, सगळ्याला निधी. अनुसयाबाईचा मला जितका अभिमान वाटला, तितका उभ्या नोकरीत स्वतःचा कधी वाटला नव्हता.

यंदा ती रिटायर झाली. मे महिन्यात दोर घेऊन माझ्या दारात उभी.

"चंपतभाऊ, मले आता वाकता येत नाही. यंदा तुम्ही मोजा."

"मी? मायावर भरोसा आहे तुमचा?"

"म्हणून तर आली. फक्त घरी बसून मोजू नका म्हणजे झालं!"

बागेत लेकरं नळाला तोंड लावून पाणी पीत होती. मी विहिरीच्या काठावर ओणवा झालो. खाली पाणी होतं, आणि त्यात माझं पांढरं डोकं. दोराचं टोक पाण्याला लागलं, तशी काठाशी पिवळ्या सुताची गाठ मारली.

"पाहून मारली ना?"

"पाहून मारली."

अनुसयाबाईनं गाठ हातात घेतली आणि जोर लावून ओढून पाहिली. पक्की होती.