नारळावर शिकलेला माणूस

“थांबा, थांबा. काका, तुमी नारळावर शिकलात ना?”

केदार वर्तक तलावाच्या काठाला धरून धापा टाकत होता. पंचवीस मीटरच्या चार फेऱ्या झाल्या होत्या आणि कुत्रं मागे लागल्यासारखी त्याची अवस्था होती. वर उभी असलेली वैष्णवी तांडेल ही नवापूरची मुलगी, वय चोवीस, बोईसरच्या या तलावावर पोहायला शिकवायची. केदारचं वय एक्कावन्न. तिच्याएवढी त्याची मुलगी पुण्याला नोकरी करत होती.

“कशावरून?” त्याने विचारलं.

“छाती वर, मान वर नि पाय खाली लोंबतायत. पोटाखाली नारळ बांधल्यासारखे पोवता तुमी. नारळ कदीच सुटले असतील, तुमी अजून तसेच हाव.”

शेजारच्या पट्ट्यात पाय मारत असलेल्या दोन बायका हसल्या. केदारही हसला. चोरी पकडली गेल्यावर माणूस आणखी काय करणार?

तो खरोखरच नारळावर शिकला होता. चिंचणीला त्यांची वाडी होती, वाडीत विहीर होती, आणि त्या पट्ट्यातल्या सगळ्या पोरांसारखं त्यालाही सातव्या वर्षी दोन सुके, न सोललेले नारळ सुंभाने बांधून विहिरीत सोडलं होतं. सोडणारे त्याचे वडील, दिनानाथ. घरात सगळे त्यांना भाऊ म्हणायचे. भाऊ काठावर उकिडवे बसायचे आणि सांगायचे, “पान्याकडं नको बघू. माज्याकडं बघ. मी हाय हितं.” एके दिवशी त्यांनी सुंभ मुद्दाम ढिलं बांधलं. नारळ मधेच निसटून बाजूला गेले आणि केदारला पत्ताच नव्हता. तो भाऊंच्या तोंडाकडे बघत हात मारत राहिला आणि पलीकडच्या पायरीला लागला. मागे वळून पाहिलं तर नारळ विहिरीच्या मधोमध डुलत होते आणि भाऊ गुडघ्यावर थापा मारून हसत होते. त्या दिवशी केदारच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली, की वर बघत राहिलं म्हणजे माणूस बुडत नाही.

बुडत नाही हे खरं, पण पुढेही जात नाही. हे कळायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

केदार तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. दाब दाखवणारे, तापमान दाखवणारे काटे जागेवर आहेत की नाहीत हे बघत फिरायचं, हे त्याचं काम. पंचेचाळिशीत साखर वाढली म्हणून तो धावायला लागला, धावायला लागला म्हणून सायकल आली, आणि सायकल आली तशी कुणीतरी त्याच्या कानात ट्रायथलॉनचं भूत सोडलं. आधी पोहायचं, मग सायकल मारायची, मग धावायचं, सगळं एका दमात. सायकलचं त्याला काही वाटत नसे. बोईसर, मनोर, पालघर आणि परत बोईसर हा साठ किलोमीटरचा फेरा तो रविवारी न्याहारीआधी मारायचा. पण खेळाचा नियमच असा की आधी पाण्यातून पार व्हायचं. केळव्याच्या समुद्रात दीड किलोमीटर, पन्नास मिनिटांच्या आत. पन्नासाच्या वर एक मिनिट झालं तरी सायकलला हात लावू देत नाहीत.

दोन वर्षं त्याला तो हात लावता आला नव्हता. पहिल्या वर्षी त्याला होडीत घालून आणलं. दुसऱ्या वर्षी स्वतःच्या पायांनी किनाऱ्यावर आला, पण चौपन्नाव्या मिनिटाला. दोन्ही वेळा त्याची सायकल किनाऱ्यावरच्या सायकलींच्या मांडवात उभी होती, नंबर चिकटवलेली, चाकांत हवा भरलेली, बाटलीत लिंबू-साखरेचं पाणी. कारखान्यातला यादव म्हणाला होता, “केदारभाई, अगली बार साइकिल को भी पानी में ले जाओ.” केदार तेव्हाही हसला होता. त्याला नंबर नको होता, मेडल नको होतं. ओल्या अंगाने एकदा त्या सायकलवर बसायचं होतं, बस्स. आणि ही इच्छा इतकी लहान होती की कुणाला सांगायचीही लाज वाटावी.

बायकोला, रूपलला, मात्र सांगितलं होतं.

“या वयात लोक गुडघ्यांना तेल लावतात,” ती म्हणाली. “तुमचा एक टॉवेल वाळत नाही तोवर दुसरा ओला. पण जा. घरात बसून भिंतीकडे बघण्यापेक्षा बरं.”

भिंतीकडे बघणं भाऊ गेल्यापासूनचं होतं. अडीच वर्षं झाली. जाणं अगदी सरळ होतं, ब्याऐंशी वर्षांचा माणूस, वाडीला पाणी सोडून आला, पडवीत आडवा झाला तो उठलाच नाही. लोक म्हणाले, सोनं झालं. झालंच असेल. पण भाऊ रोज संध्याकाळी फोन करून विचारायचे, “पोचलास का घरी?” पन्नाशीच्या कामगाराला, ज्याचा कारखाना घरापासून चार किलोमीटरवर होता, त्याला! केदार वैतागून म्हणायचा, “पोचलो, भाऊ.” आता तो रोज पोचत होता आणि कुणी विचारत नव्हतं. पन्नाशीच्या माणसाला बापाची फार आठवण येते, हे सांगायची सोय आपल्याकडे नाही. लोक सांत्वन करतात तेही वर्षश्राद्धापर्यंत.

वैष्णवीने त्याला हात मारायला पुढचे आठ दिवस बंदीच केली. “आदी नुसतं पडून राहायचं. तोंड पान्यात, हात पुढं, डोळे तळाच्या काळ्या पट्टीवर. डोकं खाली गेलं की कंबर आपोआप वर येते. काट्यासारखं हाय ते, हिकडं जड तर तिकडं हलकं.”

केदार पडून राहायचा. एक, दोन, तीन, चार, आणि पाचाला मान झटक्यात वर.

“वर काय बघता दर वेळी? भिंत पळून जानार हाय?”

“सवय गं.”

मग एका संध्याकाळी, काठावर पाय सोडून बसलेला असताना, त्याने तिला ढिल्या सुंभाची गोष्ट सांगितली. वैष्णवीने मन लावून ऐकली. मग म्हणाली, “माज्या बापानं मला होडीतून टाकली नि होडी पुडं नेली. म्हनून आमाला कोनाकडं बघायची सवयच नाय लागली.” ती हसली, आणि सहज, अगदी सहज पुढे बोलून गेली, “तुमचे वडील वर होते तवा वर बघत होता ते ठीक. आता वर नुसता छपराचा पत्रा हाय, काका.”

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण केदारला राग आला. त्याने टॉवेल उचलला आणि निघून गेला. चार दिवस तो तलावाकडे फिरकला नाही. चौथ्या दिवशी रूपलने विचारलं, “भांडलात का कुणाशी?” तो म्हणाला, “नाही. ती खरं बोलली.” पाचव्या दिवशी तो परत आला. वैष्णवीने तिसऱ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

त्या दिवशी तो आठापर्यंत पडून राहिला. महिन्याभरात त्याची कंबर वर आली. श्वास घेताना पूर्ण तोंड न उचलता एक डोळा पाण्यातच ठेवायचा, हे जमायला आणखी दोन महिने गेले, आणि तेवढ्यात त्याने अर्धा तलाव प्यायला असेल. पूर्वी एका फेरीला त्याचे एकतीस हात व्हायचे, ते सव्वीस झाले, मग बावीस. तळाची काळी पट्टी त्याला आवडायला लागली. कारखान्यातून थकून यावं, पट्टीवर डोळे लावावेत आणि काही शोधू नये. जानेवारीत त्याने तलावात दीड किलोमीटर पंचेचाळीस मिनिटांत काढलं. वैष्णवी टाळ्या वाजवत काठावरून पळत आली आणि घसरून पडली.

“आता समुद्राचं ऐका,” ती ढोपर चोळत म्हणाली. “तिथं पट्टी नसते. दर दहा हाताला नुसते डोळे वर काडायचे, मगरीसारखे. फुगा दिसला की परत खाली. ध्यानात ठेवा हां, दहा हात.”

“इतके दिवस बघू नका म्हणालीस, आता बघा म्हणतेस.”

“दोन्ही खरं हाय.”

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी सात वाजता केळव्याच्या किनाऱ्यावर नव्वद माणसं गुडघाभर पाण्यात उभी होती. समोर तीन मोठे नारिंगी फुगे त्रिकोणात तरंगत होते, तेवढ्याला वळसा घालून यायचं. रूपल सुरूंच्या झाडांखाली थर्मास घेऊन बसली होती. शिट्टी झाली. केदार ठरवल्याप्रमाणे सगळ्यात मागे राहिला, दहा हात मारले, मगरीसारखं वर बघितलं, पुन्हा दहा. पहिला फुगा चौदाव्या मिनिटाला आला. सगळं हिशेबात होतं.

दुसऱ्या फुग्याकडे वळल्यावर मात्र काहीतरी झालं. भरतीचं पाणी बाजूने लागत होतं, पण बोचत नव्हतं. कंबर वर होती, पाय मागे हलकेच हलत होते, हात पुढे गेला की हिरव्या गढूळ पाण्यात नाहीसा होत होता आणि मग छातीखालून पाणी मागे जात होतं. पोहताना आपल्याला दम लागलेला नाही, हे केदारच्या लक्षात आलं. आपण कुणाला शोधतही नाही आहोत, हेही लक्षात आलं. ना काठ, ना चेहरा. त्याला इतकं बरं वाटलं, आणि त्याच क्षणी इतकं वाईट वाटलं, की त्याला दोन्ही एकदम सांभाळता येईना. तो नुसता हात मारत राहिला. दहा झाले, वीस झाले, पन्नास झाले. मोजायचं राहून गेलं. आयुष्यात इतका सुरेख तो कधी पोहला नव्हता.

खांद्याला काहीतरी लागलं. वल्हं होतं. त्याने डोकं वर काढलं तर शेजारी होडी, आणि होडीत दातिवऱ्याचा एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा.

“ओ काका! शिरगावला चाललात काय?”

केदारने वळून पाहिलं. दुसरा फुगा पार मागे, डाव्या हाताला, बोराएवढा दिसत होता. भरतीने त्याला उत्तरेकडे, शिरगावच्या बाजूला नेलं होतं आणि तो खुशाल गेला होता.

परतीची झुंज सांगण्यासारखी नाही. तो वाळूवर आला तेव्हा घड्याळात त्रेपन्न मिनिटं नऊ सेकंद झाले होते. निळ्या टीशर्टातला एक तरुण पुढे आला. “सर, सॉरी,” म्हणत खाली बसला आणि केदारच्या घोट्यावरची वेळ मोजायची पट्टी त्याने सोडवली. मांडवातल्या सायकली अडकवायच्या सगळ्या दांड्या रिकाम्या होत्या. एकच सायकल उभी होती.

वैष्णवी धावत आली. तिचा चेहरा लाल झाला होता. “वर्षभर सांगतेय वर बघू नका, वर बघू नका. तवा बघितलंत. नि आज बघायचं होतं तर...” ती वाळूत मटकन बसली.

“चुकलं माझं,” केदार म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, ओलाच. रूपल थर्मास घेऊन येत होती, तिला त्याने लांबूनच मान हलवून नाही म्हणून सांगितलं. ती तिथेच थांबली.

मग तो खाली पाण्याकडे गेला. होडी नुकतीच किनाऱ्याला लागत होती. म्हातारा आणि दोन माणसं ती वर ओढत होती. केदारने न विचारता हात लावला. होडी वाळूवर चढल्यावर तो म्हणाला, “उपकार झाले. नाहीतर आलोच नसतो.”

“ते आमचं कामच हाय.” म्हाताऱ्याने तोंड पुसलं. “पन काय हो, तुमाला ऐकू येत नाय काय? आमी तिगं वरडून वरडून दमलो. एकदा पन डोकं नाय काडलंत.”

“किती लांब गेलो होतो?”

म्हाताऱ्याने वल्हं उचलून उत्तरेकडे दाखवलं. “ती पलीकडच्या माहीम गावाची झाडं दिसतात ना, त्याच्या समोर. थेट तितपर्यंत.” मग जरा थांबून म्हणाला, “पोवत मात्र चांगले होता. एकदम सरळ, दोरी मारल्यासारके. मी ह्यांना बोल्लो बी, दोन मिन्टं जाऊ द्या त्याला, मग अडवा.”

“दोन मिनिटं?”

“हां. बगायला बरं वाटत होतं.”

म्हातारा जाळीची पिशवी खांद्यावर टाकून निघून गेला. मागे रस्त्यावर सायकली जात होत्या आणि गावातले लोक टाळ्या वाजवत होते. केदार पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिला आणि वल्ह्याने दाखवलेली ती जागा शोधत राहिला. तिथे काहीच नव्हतं, सगळीकडे होतं तसंच पाणी होतं.