उभं राहायची पाळी

शनिवारी दुपारी अंगणात मोहफुलं वाळत होती आणि आई त्यांच्या कडेला कमरेवर हात देऊन उभी होती. मी दोन दिवसांसाठी चंद्रपूरहून आले होते. तिथे माझा फिजिओथेरपीचा लहानसा दवाखाना आहे आणि सकाळी मी बायकांचा वर्ग घेते, पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंचा. त्यामुळे समोरचा माणूस कसा उभा आहे हे मला आधी दिसतं, चेहरा नंतर.

"कमरेतून वाकडी झाली आहेस," मी म्हणाले.

"आली शानी. चहा तरी पे आधी."

"आज किती वेळा वाकलीस?"

"म्या नाई मोजलं. तू मोजत जाय, तुले त्याचंच शिक्षन हाये."

मोहफुलं पहाटे गळतात. बाया चार-पाचजणी मिळून वेचायला जातात. आमच्या गावची पद्धत अशी की त्यांतली एक वेचत नाही. ती फक्त उभी राहते आणि चहूकडे पाहते. ही पाळी रोज बदलते. बाकीच्या कमरेत वाकून वेचतात आणि दर ओंजळीला सरळ उभ्या होतात, म्हणजे पाळीवालीला सगळी डोकी दिसत राहतात. उभ्या माणसावर वाघ सहसा येत नाही. वाकलेली किंवा बसलेली बाई त्याला जनावरासारखी दिसते. हे मी पाटी हातात धरायच्या आधी शिकले होते.

पण त्या दुपारी मला फक्त आईची कंबर दिसत होती. दर ओंजळीला वाकणं आणि उठणं, सकाळभरात पाचशे वेळा तरी. अशा कमरा मी रोज तपासते.

"उकिडवी बस," मी म्हणाले. "टाचा जमिनीला टेकव. पोट आत घे."

"आत घ्याले पोटात काही हाये काय? सकाळपासून दोन भाकरी खाल्ल्या नाई म्या."

"बस तर खरी."

ती बसली. मी पाहतच राहिले. टाचा सपाट, पाठ दोरी लावल्यासारखी सरळ, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. माझ्या वर्गातल्या बायकांना हे सहा-सहा महिने जमत नाही. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. मी तिला यातलं काही सांगितलं नाही. "मान पुढे येते तुझी," एवढंच म्हणाले.

"शहरातल्या बाया उकिडवं बसाचं शिकाले येतेत तुह्याकडे?"

"येतात."

"अन् तू हाशत नाई त्याईले?"

"अशीच बसून वेच. बसल्या बसल्या पुढे सरक. सारखी उठू नकोस."

तिचा चेहरा बदलला. "उठा लागते, पोट्टे. जंगल हाये थे. तुहा क्लास नोहे."

"उद्या पाळी कोणाची आहे?"

"गिरजाची."

"मग तिला तिचं काम करू दे. तू तुझी कंबर सांभाळ. उठूच नकोस."

"वाघाले बी तूच समजावून सांग मंग," ती म्हणाली आणि घरात गेली. माझा भाऊ गोपाल वडसाला गेला होता. आमचं हे बोलणं तिसऱ्या कोणी ऐकलं नाही.

आईने माझं कधीच काही ऐकलं नव्हतं. शिक्षण, लग्न, ते मोडणं, कशातच नाही. तिला सल्ला देणं ही माझी सवय होती आणि तो उडवून लावणं ही तिची.

रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास वाघाच्या हल्ल्यात ती गेली. कुड्याच्या झुडपांमागे, शेवटच्या मोहाखाली. टोपली सरळ होती, एकही फूल सांडलं नव्हतं. वनरक्षकाने पंचनामा करताना विचारलं, "बाई बसून वेचत होत्या का?"

"माही माय बसत नाई," गोपाल म्हणाला. "तीस वर्सं झाली मोहा वेचून राह्यली. बसलेली दिसलीच नाई कोनाले."

वनरक्षकाने माझ्याकडे पाहिलं. शिकलेली म्हणून बहुतेक. मी खाली पाहिलं.

त्या दिवशी पाळीवर गिरजाबाई होती. साठीची, एकटी राहणारी. ती वारुळावर उभी होती, तिथून सगळं दिसतं. तिने तेवढंच सांगितलं की तीन डोकी वरखाली होत होती, चौथं दिसलं नाही. कमळा, म्हणजे माझी आई, आडोशाला गेली असेल असं वाटलं, म्हणून तिने थोडा वेळ हाक दिली नाही. मग दिली.

हा "थोडा वेळ" गावाने उचलला. संध्याकाळपर्यंत गावाच्या बोलण्यात गिरजाबाई मोबाइल पाहत होती. दुसऱ्या दिवशी ती वारुळावर नव्हतीच, सावलीत बसली होती. चौथ्या दिवशी कमळाशी तिचं जुनं भांडण निघालं. पाचव्या दिवशी बाया तिला न सांगता जंगलात गेल्या. ती मागून गेली तर एकीने तिची टोपली हातातून घेऊन वाटेवर ठेवली. "तू घरीच राह्य बाई. आमाले जगाचं हाये." मोहाचे ते उरलेले दिवस तिला एकटीला जंगलात जाता येणार नव्हतं. कोणीच एकटी जात नाही.

मृत्यूबद्दल मी पुष्कळ वाचलं आहे. पुस्तकांत शोक गप्प बसतो. आमच्या घरी तो सकाळ-संध्याकाळ गिरजाबाईला शिव्या देत होता, आणि मला ते बरं वाटत होतं. एवढं कबूल करायला हवं.

सातव्या दिवशी हातपंपावर ती मला भेटली. गुंड, म्हणजे पाण्याची घागर, भरून झाला तरी ती उचलेना.

"दिपाली, एक इचारू?"

"विचारा."

"तुह्या मायले म्या कधी बसलेलं पाह्यलं नोतं. त्याच दिवशी काऊन बसली असन थे?"

"मला काय माहीत? पाहायचं काम तुमचं होतं."

हे शब्द मी उच्चारले. चांगल्या स्पष्ट, शांत आवाजात.  खाली बसून तिने गुंड मांडीवर घेतला, तिथून खांद्यावर, आणि डोक्यावर चढवून उभी झाली. पोट घट्ट, मान सरळ, पाणी हललं नाही. मी सवयीने पाहत राहिले, आणि मग मला आईचं उकिडवं बसणं आठवलं. मी कोणाला सरळ उभं राहायला शिकवत होते?

आणि ती का बसली असेल? कंबर खरंच एवढी दुखत होती? की मुलगी दोन दिवसांसाठी आली आहे, एकदा हिचं ऐकून पाहू, असं तिला वाटलं? दुसरं खरं असावं असं मला वाटत नव्हतं. पण रात्रंदिवस मनात तेच येत होतं.

तेराव्या दिवशी, आईच्या तेरवीला पंगत बसली. बायांची रांग मांडवाच्या कडेने होती. गिरजाबाई शेवटी आली आणि शेवटी बसली. तिच्या शेजारची बाई उठून दुसरीकडे गेली, मग तिच्या पलीकडचीही. तीन पानं मोकळी राहिली. वाढणारा भाताची परात घेऊन तिथवर आला आणि थांबला.

"त्या पानावर वाढू नको," गोपाल म्हणाला.

"गोपाल," माझी आत्या म्हणाली, "तेरवी हाये. आलेल्याले उठवत नाई."

"तिनं उठवलं ना माह्या मायले पानावरून." तो गिरजाबाईसमोर जाऊन उभा राहिला. "डोये कुठी होते तुहे? उभी राहासाठी नेलं होतं ना तुले? येवढं एक काम नाई झालं."

"उभीच होती म्या, बापू."

"खोटं बोलू नको माह्या दारात. उठ."

गिरजाबाईने इकडेतिकडे पाहिलं. पन्नास बाया होत्या. ज्या तीन तिच्याबरोबर मोहाखाली होत्या त्यांनी पानातल्या भाताकडे पाहिलं. तिने जमिनीवर हात टेकवला. म्हातारी माणसं उठताना टेकवतात तसा. आजवर मी तिला हात टेकून उठताना पाहिलं नव्हतं.

मी वरणाची बादली खाली ठेवली.

"बसा, गिरजाबाई."

"दिपाली, तू मधात पडू नको," गोपाल म्हणाला.

"आई बसून वेचत होती. बसलेलं डोकं कुड्याच्या वर येत नाई. कोनालेच दिसलं नसतं."

"माय बसतच नोती."

"त्या दिवशी बसली." माझा आवाज वर्गात असतो तसा निघाला, शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा. "तिची कंबर दुखे. म्या तिले शनिवारी अंगनात बसाले शिकवलं. थे म्हने उठा लागते, जंगल हाये. म्या म्हनलं, उठूच नको, गिरजाबाई हाये ना पाहाले. म्या सांगतलं होतं, गोपाल. आईनं माह्यं आयकलं."