दुसरा ब्रेक

रविवारी सकाळी बाथरूमचं दार आतून बंद झालं की मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहते. आत आमची लेक ओकत असते. घरात तिला सगळे खारू म्हणतात, कारण लहानपणी ती घास गिळायच्याऐवजी खारीसारखा गालात साठवून ठेवायची. आता ती अकरा वर्षांची आहे आणि सामन्याच्या दिवशी तिच्या पोटात काही टिकत नाही.

तिचे बाबा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवतात. मी त्यांना मास्तर म्हणते, तोंडावरसुद्धा. त्यांच्या गाडीत शिकणाऱ्याच्या पायाशी एक ब्रेक असतो आणि शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशी दुसरा. सगळी हयात त्या दुसऱ्या ब्रेकवर गेल्यामुळे त्यांची पक्की समजूत आहे, की जगात कुणीही कुठेही निघालं तरी त्याला थांबवणारा एक माणूस शेजारी लागतोच. मी दूध तापवत असले तरी यांचा हात गॅसच्या बटणाकडे जातो. त्यांच्या ओरडण्याचं घरात कुणाला काही वाटत नाही. ते खरोखर रागावले की मात्र बोलणं बंद करतात. मग दोन-दोन दिवस घरात नुसती भांडी वाजतात.

असा माणूस मुलीचा फुटबॉल बघायला उभा राहिल्यावर काय होणार? मैदानाच्या कडेवरून ते गाडी चालवायला लागले. "डावीकडे बघ. मागे कोण आहे? सोड आता. अगं, सोड." खारू बचावाला खेळते, म्हणजे समोरून सुसाट येणाऱ्या पोरींना गोलपर्यंत पोचू द्यायचं नाही. तिचे डोळे चेंडूवर आणि कान बाबांकडे. दोन्हीकडे लक्ष देता देता पोरगी मधल्या मध्ये अडकायची.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. खुर्चीचा हात घट्ट धरणारी, घाम फुटलेली माणसं मी रोज बघते आणि त्यांना धीर देते. घरातलं मात्र मला कळलं नाही. काहीतरी अरबट-चरबट खाल्लं असेल, असंच मी धरून चालले होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

गेल्या आठवड्यात सरावानंतर कोचबाईंनी मला बाजूला घेतलं. त्या दिवसभर रंगाच्या दुकानात रंग कालवून देतात आणि संध्याकाळी आमच्या पोरी सांभाळतात. त्या म्हणाल्या, "खारूनं मला विचारलं, मी टीम सोडली तर बाबांना तुम्ही सांगाल का. मी म्हटलं, एवढा रविवार खेळ, मग ठरवू."

मला ते खरंच वाटेना. कारण या पोरीला खेळ आवडतो, हे मला ठाऊक आहे. मोज्यांचा चेंडू करून ती खोलीत एकटीच खेळत असते, स्वतःशी गुणगुणत. ज्या गोष्टीवर जीव आहे तीच ती सोडायला निघाली होती, आणि आम्हाला सांगायचीही तिला भीती वाटत होती.

कोचबाईंनी उपाय काढला. रविवारी सगळ्या पालकांनी गप्प राहायचं. टाळ्या चालतील, शब्द नको. त्या स्वतःही बाकावर बसून राहणार होत्या. मी घरी येऊन मास्तरांना सगळं सांगितलं, सोडण्याचंही. ते बुटाच्या नाडीशी चाळा करत बसले. मग म्हणाले, मी तिच्या भल्यासाठीच बोलतो ना. मी म्हटलं, भलं पुष्कळ झालं, आता जरा कमी करा. त्यांनी मान डोलावली.

रविवारी दार बंद झालं, नळ सुरू झाला, दार उघडलं. खारूचा चेहरा पांढराफटक. नाश्ता तसाच डब्यात भरला आणि आम्ही निघालो.

सामना सुरू झाला आणि मैदान एवढं शांत, की चेंडूला पाय लागल्याचा आवाज येत होता. पालक एकमेकांकडे बघून ओशाळं हसत होते. मास्तर हाताची घडी घालून, ओठ मिटून उभे. चेहरा दगडी. फक्त उजवा पाय स्वस्थ नव्हता. समोरची पोरगी चेंडू घेऊन आली की तो गवतात दाबला जायचा. ब्रेक. पुन्हा ब्रेक. माझा जीव टांगणीला लागला होता, तरी मला हसू आलं.

खारू मात्र हसत नव्हती. ती सारखी आमच्याकडे बघत होती. चेंडू दूर असला की बघायची, जवळ आला तरी बघायची. असंच बघताना एक पोरगी तिच्या शेजारून निघून गेली आणि गोल झाला. खारूनं आधी जाळ्याकडे पाहिलं नाही, बाबांकडे पाहिलं. मास्तरांनी ओठ आणखी घट्ट मिटले. दिलेला शब्द पाळत होते बिचारे.

मध्यंतराला बाकीच्या पोरी पाणी प्यायला धावल्या. खारू माझ्याकडे आली आणि माझ्या ओढणीचं टोक धरून हळूच म्हणाली, "बाबा कधीपासून बोलत नाहीयेत? मी काय केलंय?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. गप्प राहायचं म्हणून पालकांना सांगितलं होतं, पोरींना कुणीच काही सांगितलं नव्हतं. इतर घरांतल्या पोरींना ती शांतता म्हणजे नुसती शांतता. आमच्या घरात तिचा अर्थ एकच. म्हणजे पोरीला आगीतून उचलून आम्ही फुफाट्यात टाकलं होतं. मी तणतणत कोचबाईंकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारला आणि त्या म्हणाल्या, चूक माझीच, आधी मुलींशीच बोलायला हवं होतं. मग त्यांनी मास्तरांना खूण केली, की जा, बोला.

मास्तर आले. खारूसमोर उकिडवे बसले. तोंड उघडलं आणि मिटलं. सूचना सोडून काही बोलायची सवयच नाही त्या माणसाला.

"मी रागावलो नाहीये," ते शेवटी म्हणाले. "तुमच्या कोचताईंनी आज आम्हाला सगळ्यांनाच गप्प बसवलंय."

"मग चेहरा तसा का होता?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मदत केली नाही.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "तू आत असतेस आणि माझ्या हातात काहीच नसतं. म्हणून मी ओरडतो."

खारू त्यांच्याकडे बघतच राहिली. बाबांना भीती वाटते हे तिला नवीन होतं. खरं सांगायचं तर मलाही नवीन होतं. मग तिची नजर खाली गेली, त्यांच्या बुटाशी. तिथलं गवत पार चेपलं होतं. शिकवणीच्या गाडीत मागच्या सीटवर बसून तिनं तो पाय ब्रेक दाबताना कितीदा पाहिलेला.

"तुम्ही ब्रेक दाबत होतात?"

मास्तर ओशाळले.

"बाबा, आता मी तुमच्याकडे पाहिलं ना, की तो पाय वर घ्यायचा," ती म्हणाली आणि पाणी न पिताच पळाली.

मध्यंतरानंतर खेळ पुन्हा सुरू झाला. आणखी एक पोरगी तिला चकवून गेली. चेंडू खांबाला लागून बाहेर गेला म्हणून बरं. खारूनं वळून पाहिलं. मास्तरांनी घाईघाईनं उजवा पाय उचलला. माझा नवरा भर मैदानात एका पायावर उभा, तोल जातोय म्हणून माझा खांदा धरलेला. शेजारचे गृहस्थ दोन पावलं लांब सरकले. खारू फिसकन हसली आणि वळली.

त्यानंतर तिनं इकडे पाहिलंच नाही. थोड्या वेळानं मैदानातून एक खणखणीत आवाज आला, "माझा! सोड, मी घेते!"

"कोण ओरडतंय?" मास्तरांनी दबक्या आवाजात विचारलं. नियम मोडला, पण मी माफ केलं.

"आपली लेक," मी म्हटलं. इतके दिवस यांच्या आवाजाखाली तो आम्हाला कधी ऐकूच आला नव्हता.

सामना आम्ही हरलो. कोचबाईंनी खारूला विचारलं, मग काय ठरलं? ती डब्यातला नाश्ता गालात कोंबत होती.

"पुढच्या रविवारीपण सगळे गप्प बसणार?"

"बसणार."

"मग येते."

मास्तर जवळच उभे होते. त्यांनी ऐकलं. ते काही न बोलता गाडीकडे गेले आणि मी मनातून चरकले, आता दोन दिवस भांडी वाजणार.

गाडी सुरू झाली. पहिला चौक गेला, दुसरा गेला. कुणी बोलेना. मी आरशातून मागे पाहिलं, तर खारू पुढे वाकून बाबांच्या मानेकडे बघत होती.

"बाबा, बोला ना काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीपण. फुटबॉल सोडून."

मास्तरांनी खूप विचार केला. सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी त्यांचा विचार चाललाच होता.

"भूक लागली का गं?" त्यांनी विचारलं.

"लागली," खारू म्हणाली. तिचे दोन्ही गाल भरलेलेच होते.