टिपूच्या तोंडाचा वास

सकाळी अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर मेरीआजीच्या दोरीवर बोंबलांच्या बेचाळीस जोड्या उरल्या होत्या. प्रत्येक जोडीतले दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून वाळत टांगलेले. कालच्या उन्हात सहा जोड्या गायब झाल्या होत्या.

"या टिपू कुत्र्यानंच खाल्ल्या. तोंड हुंग त्याचं, सडक्या मावऱ्याचा, मासळीचा वास येतो," आजी म्हणाली. "आज टेम्पोत घालून विरारला सोडून देते मेल्याला."

नात सॅन्ड्रा प्राणिशास्त्र शिकलेली. संशय तिलाही टिपूचाच होता. पण कुत्र्याने ओढले असते, तर वाळूत मुंडकी पडली असती. तिथे एकही नव्हतं. तिने टिपूचा ओठ वर केला. दाढेवर तपकिरी कीट, हिरडीत पू. सुका बोंबील दिला, तर तो चावताच केकाटला.

"नाटकं करतो!"

"आजी, वास दाढेचा आहे. मी त्याला विरारला डॉक्टरकडे नेते. संध्याकाळी दोघी मिळून मोजू."

"मोज. तो नसला की एकही जायची नाय."

संध्याकाळी दाढ काढलेल्या टिपूला घेऊन सॅन्ड्रा परतली. दोघींनी दोरी मोजली.

सकाळच्या बेचाळीस जोड्या आता सदतीस भरल्या.