टीव्हीचा आवाज शंभरावर

मी आवाजाची वायर बोलतेय. होय, चक्क बोलतेय. उभा जन्म दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्यात गेला, आज जरा स्वतःचं सांगते. घाबरू नका, माणसांसारखं लांबण लावणार नाही. माझी एकूण लांबीच पाच मीटर आहे.

माझं रूप काही नजरेत भरण्यासारखं नाही. अंगाने काळी आणि किडकिडीत. एका टोकाला हेडफोनला असते तशी इवलीशी पिन, ती कॉम्प्युटरमध्ये जाते. दुसऱ्या टोकाला दोन तोंडं, एक लाल आणि एक पांढरं, ती टीव्हीच्या पाठीत जातात. कॉम्प्युटरमधला आवाज टीव्हीतून बाहेर काढायचा, एवढंच माझं काम. ज्या कारखान्यात माझा जन्म झाला, तिथे एका बाईने मला यंत्राला लावून बघितलं. 'पीं' असा आवाज आला. तिने मान डोलावली आणि मला पिशवीत कोंबलं. त्यानंतर बरेच दिवस माझ्याकडे बघून कुणी मान डोलावली नाही.

त्याच पिशवीत माझी जोडीदारीण होती, चित्राची वायर. ती जाडजूड, डोकं निळं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना पिळायचे स्क्रू. कॉम्प्युटरचं चित्र टीव्हीवर न्यायचं तिचं काम. तिचा तोरा काय वर्णावा! तिला चांगलं पिळून घट्ट बसवतात, मला नुसतं खुपसतात.

आम्हा दोघींना विकत घेणारे गृहस्थ एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहेत. कुठे काय पडेल, कुणाचा पाय कुठे अडखळेल, हे आधीच ओळखून तिथे पाटी लावणं हा त्यांचा व्यवसाय. दुकानदार बिचारा त्यांना म्हणाला, "साहेब, दोन्ही लावा हं. एकीने चित्र येतं, दुसरीने आवाज."

"माहितीये," साहेब म्हणाले.

हा शब्द मी पुढे इतक्यांदा ऐकला, की मनातल्या मनात मी त्यांचं नावच 'माहितीयेसाहेब' ठेवून टाकलं.

घरात माणसं तीन. माहितीयेसाहेब, त्यांच्या पत्नी आणि साहेबांचे वडील. पत्नी शाळेत मुख्याध्यापिका आहेत, म्हणून त्यांना मी बाई म्हणते. वडिलांना घरात अण्णा म्हणतात. त्यांचं मोठ्या रस्त्यापलीकडे घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे, वीतभर रुंद. चौथं माणूस म्हणजे साहेबांची मुलगी, ती शिकायला लांब गेलेली. ती दर रविवारी दुपारी कॉम्प्युटरवरून बोलते. कॉम्प्युटरचा पडदा लहान, अण्णांना नात नीट दिसत नाही, म्हणून ती टीव्हीवर मोठी दिसावी, यासाठी आमची खरेदी. म्हणजे हा सगळा खटाटोप अण्णांसाठीच होता. हे लक्षात ठेवा, घरातले लवकरच विसरले.

साहेबांनी गालिच्याखालून चित्राची वायर टाकली, स्क्रू पिळले आणि टीव्हीवर कॉम्प्युटरचं चित्र आलं. बाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मी गालिच्यावर वेटोळं घालून पडले होते. बाईंनी विचारलं, "अहो, ही उरली की!"

"माहितीये, जास्तीची देतात ती," साहेब म्हणाले. "ठेव खणात, लागेल कधीतरी."

टीव्हीखालच्या त्या खणात 'लागेल कधीतरी'वाल्यांची वस्तीच आहे. मेलेल्या टीव्हीचा जिवंत रिमोट, न उघडणाऱ्या कुलपाच्या तीन किल्ल्या, गळलेले सेल आणि एक मोजपट्टी. त्या मोजपट्टीमुळे खण पुरता मिटत नाही. त्या फटीतून मी सगळं बघितलं आणि ऐकलं.

आता खोली डोळ्यांसमोर आणा. कॉम्प्युटर या टोकाला, जेवणाच्या टेबलाशेजारी. त्याच्याजवळ मुठीएवढे दोन स्पीकर. टीव्ही त्या टोकाला, समोर सोफा. रविवारी फोन लागला, की साहेब आणि बाई कॉम्प्युटरला चिकटून बसायचे, कारण कॅमेरा तिथे. अण्णांना मानाने सोफ्यावर, टीव्हीसमोर. पडद्यावर नात हातभर मोठी दिसायची. आणि तिचा आवाज? तो यायचा पलीकडच्या टोकाला, त्या मुठीएवढ्या स्पीकरमधून, साहेबांच्या कोपराजवळ. सोफ्यापर्यंत पोचता पोचता त्याची पुटपुट व्हायची.

पहिल्याच रविवारी अण्णा म्हणाले, "अरे, टीव्हीतून आवाजच येत नाहीये."

"येतोय की अण्णा! आम्हाला येतोय ना," साहेब म्हणाले. मग उदार मनाने रिमोट घेऊन त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. पडद्याच्या तळाशी हिरवी पट्टी सरकत सरकत थेट शंभराला टेकली. "आता?"

"आता पण नाही."

साहेबांनी पट्टीकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं, बाईंकडे बघितलं. हळूच म्हणाले, "शंभरावर आहे गं. शंभरावरही ऐकू येत नाही त्यांना."

झालं. एका क्षणात निदान झालं. मी खणात तळमळत होते. अहो, पट्टी शंभरावर असली तरी टीव्हीकडे आवाज पोचतोच कुठे? पण माणसांचा पट्टीवर भारी विश्वास. समोरचा माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय ते खोटं आणि हिरवी रेघ खरी.

हेच अण्णा रोज संध्याकाळी त्याच टीव्हीवर बातम्या ऐकत होते, आवाज चौदावर ठेवून. आमच्या टीव्हीला एक चांगली खोड आहे, बातम्यांचा आवाज आणि कॉम्प्युटरचा आवाज तो वेगवेगळा लक्षात ठेवतो. त्याला एवढी अक्कल आहे, पण त्याला विचारतो कोण?

एकदा सोफ्यावर बसल्या बसल्या अण्णा म्हणाले, "भिंतीवरचं घड्याळ लंगडतंय. एक ठोका लांब पडतोय, एक आखूड." आख्खं आयुष्य घड्याळ कानाला लावून ज्याने त्याचं दुखणं ओळखलं, त्या माणसाला भिंतीवरचे ठोके ऐकू येत होते. साहेब बाईंना म्हणाले, "अंदाजाने बोलतात गं." पुढे चार दिवसांत ते घड्याळ बंद पडलं.

मग उपचार सुरू झाले. बाई अण्णांशी पहिलीच्या वर्गाशी बोलावं तशा बोलू लागल्या. "अण्णा! चहा! घेणार! का!" शेजारचे काका भिंतीपलीकडून "नको, आत्ताच झाला" म्हणाले असते तर मला नवल वाटलं नसतं. साहेबांनी कानाचं मशीन आणलं. तपासणी वगैरे भानगड नाही, तयार मिळतं तसलं. अण्णांनी ते लावलं तर त्यांना ताटल्या गडगडताना ऐकू आल्या, बाईंच्या बांगड्या ऐकू आल्या, वरच्या मजल्यावरची खुर्ची सरकलेली ऐकू आली. नात तेवढी ऐकू आली नाही. त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं. साहेबांनी निष्कर्ष काढला, की मशीन लावूनही ऐकू येत नाही, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय.

आणि मग त्यांच्यातला सुरक्षा अधिकारी जागा झाला. मोठा रस्ता, वेगाने येणाऱ्या गाड्या, कर्कश हॉर्न आणि ऐकू न येणारा म्हातारा. त्यांनी मनातल्या मनात पाटीसुद्धा लिहिली असेल. दुकान बंद करायचं ठरलं. जागा एका चष्मेवाल्याला द्यायची, हेही ठरलं. सगळं ठरलं त्याच खोलीत, अण्णा सोफ्यावर बसलेले असताना, भरदुपारी, मोकळ्या आवाजात. ऐकू येत नाही म्हटल्यावर आडपडदा कशाला?

अण्णांचा चेहरा मला फटीतून दिसत होता. ते बंद पडलेल्या घड्याळाकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. मी वायर असले म्हणून काय झालं, मलाही आत तार आहे.

तुम्ही म्हणाल, ते भांडले का नाहीत? मीही खणात हेच विचारत होते. पहिल्यानंतर आणखी दोन रविवार ते "आवाज येत नाहीये रे" एवढं म्हणाले. चौथ्या रविवारपासून म्हणायचे थांबले. नात बोलायची, हसायची, हात हलवायची आणि ते नुसती मान हलवायचे. मला वाटतं, एव्हाना त्यांना स्वतःच्याच कानांबद्दल शंका यायला लागली होती. घरातली दोन शहाणी माणसं रोज सांगतायत म्हटल्यावर कुणालाही येईल.

सोमवारपासून त्यांना दुकानात जायला बंदी झाली. "चार दिवस आराम करा अण्णा," म्हणून साहेबांनी दुकानाची किल्ली स्वतःकडे घेतली आणि हत्यारांचा पत्र्याचा डबा तेवढा घरी आणून दिला.

मंगळवारी सकाळी साहेब आणि बाई कामावर गेले. अण्णांनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं, उघडलं, तासाभरात चालू केलं. मग हातात दुसरं काम नाही. बराच वेळ ते टीव्हीकडे बघत बसले. शेवटी उठले, टीव्ही हळूच फिरवला, डोळ्याला भिंग लावलं आणि त्याच्या पाठीत डोकं घातलं. इतक्या दिवसांत टीव्हीच्या मागे बघणारा हा पहिला माणूस. चालत नसलेल्या वस्तूचं मागचं झाकण आधी उघडायचं, एवढी साधी गोष्ट त्यांच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात.

तिथे निळ्या डोक्याची माझी जोडीदारीण दिमाखात बसली होती. तिच्या शेजारी दोन रिकामी भोकं, एक लाल, एक पांढरं. वर तिळाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं, कॉम्प्युटरचा आवाज इथे. अण्णांनी ते दोनदा वाचलं. "अरे गाढवा," असं ते म्हणाले. कुणाला, ते मी सांगत नाही.

मग खण उघडला. किल्ल्या बाजूला झाल्या, मोजपट्टी बाजूला झाली आणि दोन बोटांनी मला उचललं. घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग उचलणारी बोटं ती, इतक्या अलगद मला कुणी धरलं नव्हतं. गालिच्याखालून त्यांनी मला जोडीदारणीशेजारी टाकलं. कॉम्प्युटरच्या मागून त्या मुठीएवढ्या स्पीकरची पिन काढली आणि तिथे माझी लावली. टीव्ही होता तसा सरकवला. घरात कुणाला काही बोलले नाहीत. दुरुस्त केलेलं घड्याळ स्वतः चालून दाखवेपर्यंत ते गिऱ्हाइकालाही काही सांगत नाहीत म्हणे.

रविवार आला. साहेब आणि बाई कॉम्प्युटरला चिकटले, अण्णा सोफ्यावर. फोन लागायच्या आत साहेब बाईंना म्हणाले, "उद्या चष्मेवाला जागा बघायला येतोय. पोरीला आजच सांगून टाकू. अण्णांना काही ऐकू येत नाही, तेव्हा तिलाही मोकळेपणी बोलता येईल."

फोन लागला. पोरीने तोंड उघडायच्या आतच साहेबांनी दुकानाचं सांगितलं. सगळं, पाटी वाचल्यासारखं, धोका आणि उपाय.

आणि मग माझ्यातून नातीचा आवाज निघाला. टीव्हीची पट्टी शंभरावर होती, विसरू नका.

"बाबा, मग आजोबा दिवसभर घरात करणार काय?"

कपाटाच्या काचा थरथरल्या. बाईंच्या हातातली बशी खाली पडली. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. मला स्वतःलाच धडकी भरली, एवढा मोठा आवाज आपल्याकडे आहे हे मला तरी कुठे ठाऊक होतं! पण त्या आवाजाहून तो प्रश्न मोठा होता. एवढ्या आठवड्यांत त्या घरात तो कुणीच विचारला नव्हता.

अण्णांनी शांतपणे रिमोट उचलला. पट्टी शंभरावरून चौदावर आणली.

"काही नाही गं बाळा," ते म्हणाले. "घड्याळ बघत बसणार."

साहेब अण्णांकडे वळले. "अण्णा, तुम्हाला... तुम्हाला ऐकू आलं?"

"दुकान द्यायचं ठरवलंत, ते पहिल्या दिवशीच ऐकू आलं होतं. हिचंच तेवढं ऐकू येत नव्हतं."

भिंतीवरचं घड्याळ नीट चालत होतं, ते आता सगळ्यांना ऐकू आलं.

मग नात म्हणाली, "आजोबा, मी दर रविवारी तुम्हाला विचारायचे, बरे आहात ना? तुम्ही नुसती मान हलवायचात. मला वाटलं, तुम्ही माझ्यावर रागावलात." तिचा आवाज भरून आला होता. तो तसाच्या तसा, एक कणही न सांडता मी पोचवला. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम ते.

"नाही गं," अण्णा म्हणाले आणि चष्मा काढून पुसत बसले.

साहेबांनी टीव्हीमागे डोकावून मला बघितलं आणि चष्मेवाल्याला त्याच संध्याकाळी नाही म्हणून कळवलं. किल्ली टेबलावर आणून ठेवली, हातात द्यायचं धैर्य काही झालं नाही. आता पाहुणे आले, की ते टीव्हीकडे बोट दाखवून सांगतात, "मला पहिल्यापासून शंका होतीच, जोडणीतच काहीतरी गडबड असणार." बाई अण्णांशी हळू बोलतात, इतकं हळू, की अण्णांना "काय?" म्हणून विचारावं लागतं.

मी टीव्हीमागे आहे. अंगावर धूळ साचलीय, पण पिना घट्ट आहेत. परवा घरात एक नवीन वायर आली. चित्र आणि आवाज दोन्ही एकटी नेते म्हणे, दिसायलाही गोरीपान, झकपक. साहेब हौसेने टीव्हीमागे वाकले. त्यांचा हात माझ्या मानेवर पडला. मला खणातली ती वस्ती डोळ्यांसमोर दिसू लागली.

सोफ्यावरून अण्णांनी विचारलं, "काय करतोयस?"

"ही जुनी काढतोय अण्णा. आता गरज नाही हिची."

"चालतेय ना ती?"

साहेबांनी माझ्या पिना चाचपल्या.

"बरं झालं मी विचारलं," अण्णा म्हणाले. "चालतंय ते काढायच्या आधी एकदा विचारत जा रे."

साहेबांनी हात मागे घेतला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ते 'माहितीये' म्हणाले नाहीत.