वरची रजई

रजईवाल्या काकांचं गिऱ्हाइकांशी आयुष्यभर एकाच मुद्द्यावर भांडण होतं. गिऱ्हाईक विचारायचं, "गरम आहे ना?" की काका म्हणायचे, "रजई गरम नसते. गरम तुम्ही असता. ती तुमची ऊब नुसती अडवते. मेलेल्या माणसावर दहा रजया घाला, काही फरक पडतो का?" एवढ्यावर निम्मी गिऱ्हाइकं उठून जायची. उरलेली निम्मी यंदा फिरकलीच नाहीत.

शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं. थंडी संपायच्या आत चाळीस रजया गेल्या नाहीत, तर तीन पिढ्यांचं दुकान समोरच्या आईसक्रीमवाल्याला भाड्याने. "तो बिचारा रस्त्यावर रांगा लावतोय, आणि तुम्ही छपराखाली माश्या मारताय."

काकांनी शक्कल लढवली. दुकानात एसी बसवला आणि सोळावर ठेवला. आत आलेला माणूस कुडकुडायचा आणि मुकाट्याने रजई घ्यायचा. पहिल्याच दिवशी सात गेल्या. बाहेर पडल्यावर गिऱ्हाइकांना दरदरून घाम फुटला आणि संध्याकाळपर्यंत सहा परत आल्या. सातवा माणूसही परत करायलाच निघाला होता, पण वाटेत आईसक्रीमच्या रांगेत उभा राहिला, तो पुन्हा दिसला नाही.

एसीचा बाहेरचा डबा रस्त्यावर गरम वारा फेकायचा. आईसक्रीमवाल्याने गाडी बरोबर त्याच्यासमोर आणून लावली. "काका, तुमचे उपकार कसे फेडू!" रस्ता तापला, म्हणून दुकान गार होईना, म्हणून काकांनी दुसरा एसी बसवला. आईसक्रीमवाल्याने दुसरी गाडी आणली.

महिनाअखेरीस काकूंनी पंच म्हणून पुतणीला बोलावलं. ती हवामान केंद्रात होती, रोज तापमान टिपायची.

"थंडी संपली का, एवढंच सांग," काकू म्हणाल्या.

"सुरूच झाली नाही, ती संपेल कशी?" काका म्हणाले.

"काका, आली होती. मंगळवारी."

"मग मला कशी कळली नाही?"

"तुम्ही एसीत होतात."

काका जरा वरमले. "यंदाचंच असेल गं. पुढच्या वर्षी पडेल चांगली."

"पडेलही. एखादं वर्ष गार निघतंच. पण एका वर्षावरून काही ठरत नाही, तीस-चाळीस वर्षं सलग बघावी लागतात." तिने फळीकडे बोट दाखवलं. तिथे तिन्ही पिढ्यांच्या नमुन्याच्या रजया होत्या. "तुमच्या आजोबांच्या रजईत चार किलो कापूस. तुमच्या वडिलांच्या तीन. आणि तुमच्या?"

"दीड. त्याहून जाड कुणी घेतच नाही."

"बघा. आमच्या वह्यांतही साधारण तेच लिहिलंय."

"पण ऊन तर पूर्वीइतकंच आहे ना?"

"ऊन तेवढंच. उन्हाने जमीन तापते, आणि ती ऊब परत वर जायला निघते. हवेतले काही वायू ती अडवतात. ते मुळातच आहेत. नसते तर आपण केव्हाच गोठलो असतो. पण कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण त्यात भर घालतोय."

काका हळूहळू उठून उभे राहिले. "म्हणजे ते वायू स्वतः गरम नाहीत. ऊब नुसती अडवतात."

"तसंच म्हणा."

काकांचे डोळे पाणावले. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी त्यांचं म्हणणं मान्य केलं होतं, तेही सरकारी खात्यातल्या माणसाने. मग एकदम त्यांचा चेहरा बदलला. "अगं, म्हणजे वर कुणीतरी रजई घातलीय! सगळ्यांना! फुकट! कोण तो?"

पुतणीने एसीकडे पाहिलं. "आपली वीज कोळशावर होते, काका."

काकांनी दोन्ही एसी बंद केले. स्वतःशीच स्पर्धा करणारा दुकानदार त्यांनी आजवर पाहिला नव्हता.

"उसवता नाही येत?"

"सहज नाही. त्यातलं बरंच शेकडो वर्षं टिकतं."

"शेकडो?" काकांच्या आवाजात नाइलाजाचा आदर होता. "आमची दहा टिकते."

"म्हणून आधी भरणं थांबवायचं."

एवढ्यात आईसक्रीमवाला रडवेला होऊन आत आला. "काका, तुमच्या वाऱ्याने गिऱ्हाईक येतं खरं, पण माल दुपारपर्यंत वितळतोय. डब्यांना काहीतरी करा!"

काकांनी एक रजई त्याच्यापुढे टाकली. "गुंडाळ."

"चेष्टा करता का? आईसक्रीम गरम होईल ना!"

"रजई गरम नसते!" काका इतक्या जोरात ओरडले, की रस्त्यावरची रांग आत बघू लागली.

मग उन्हात दोन डबे ठेवले, एक उघडा, एक रजईत. दोन तासांनी उघड्या डब्यातलं आईसक्रीम काकूंनी पेल्यात ओतून प्यायलं. रजईतल्यात चमचा मोडला.

आईसक्रीमवाल्याने स्वतःच्या, भावाच्या आणि तिन्ही मेव्हण्यांच्या गाड्यांवरचे डबे बोटांवर मोजले. "एकोणचाळीस द्या."

"एकोणचाळीसच," काकू म्हणाल्या. "बोली चाळीसची होती."

"आणि तो सातवा?" काका म्हणाले. "त्याची परत आलेली नाही. झाल्या चाळीस!"

पुतणी न्याय देणार, इतक्यात दारात एक माणूस उभा राहिला. घामाघूम, काखेत रजई. "जरा बोलायचं होतं," तो म्हणाला. "ही फारच गरम आहे हो."

सगळे काकांकडे बघू लागले. काकांनी ओठांवर आलेलं वाक्य आवंढ्यासकट गिळलं, खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. बसा. आधी आईसक्रीम घ्या."