कोरडी गल्ली

अकराला इंजिनिअर मॅडम येणार होत्या आणि दहापासून मी एका जागी टिकत नव्हते.

"पायाला भिंगरी लागलीय का गं?" आई म्हणाली.

लागणारच! गावाचा पाणी निधी पाण्याशिवाय कशावर खर्चता येत नाही, तरी त्यातून यंदा एकाच गल्लीचा पाइप बदलणार होता. पुढची पाळी पाच वर्षांनी. आमची गल्ली की मागची, हे मॅडम आज गळती बघून ठरवणार होत्या. अर्ज मी लिहिलेला. सह्यांसाठी बावीस दारं मीच वाजवली होती, मी! गेल्या वर्षीपर्यंत वर्गात हजेरीसुद्धा कुजबुजत देणारी.

आणि गळतीला काय तोटा? भिंतीलगतचा आमचा पाइप म्हणजे नुसती चाळणी. टोकाच्या घरांत चूळ भरण्यापुरतं पाणी पोचलं तरी नशीब.

मी बाहेर धावले आणि थिजलेच. गल्ली कोरडी ठणठणीत! पाइपावर जागोजागी काळ्या रबरी पट्ट्या. नव्या, घट्ट.

असा उद्योग करणारा माणूस एकच. गल्लोगल्ली पाणी सोडायची लांब लोखंडी चावी ज्यांच्या खांद्यावर असते ते, माझे बाबा.

"बाबा! आज हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"अगं, सकाळी पाणी सोडलं, तर भसाभसा वाहायला लागलं. हात आपोआप गेले." बाबांनी डोकं खाजवलं. "वीस वर्षांची सवय."

तेवढ्यात मॅडमची स्कूटर आलीच.

"अर्जात बावीस घरं रडतायत आणि इथं तर एक थेंब नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या गल्लीत घोटाभर चिखल आहे."

"बाबांनी आजच बांधलंय सगळं!"

"बांधलं म्हणजे दुरुस्त झालं. दुरुस्त पाइपाचं काय लिहू?" त्यांनी पेनाला टोपण लावलं.

माझं पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठे उडालं. मी स्वयंपाकघरात पळाले, सुरी आणली आणि बाबांपुढे धरली.

"एकच पट्टी, बाबा."

स्वतःचा कान कापायला सांगितल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग गेले, बादली आणली, पाइपाखाली नीट सरकवली आणि डोळे मिटून पट्टी कापली.

धार बादलीवरून उडाली ती थेट मॅडमच्या चष्म्यावर!

आई दारात "अगं बाई!" म्हणून तोंडावर हात ठेवून उभी. मॅडमनी ओढणीनं चष्मा पुसला.

"अशा किती पट्ट्या?"

"एकतीस!" बाबा छाती फुगवून म्हणाले.

"बाकीच्याही कापू?" मी विचारलं.

"नको!" बाबा आणि मॅडम एकदम ओरडले.

टोपण निघालं. मॅडम लिहू लागल्या: पाइप पूर्ण बदलणे आवश्यक, हीच गल्ली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचत होते, जागच्या जागी उड्या मारत. बाबांचीही चुळबुळ चालली होती. एक हात खिशात, नव्या पट्टीवर.

"बाबा!"

"थांबलोय गं," ते वाहत्या धारेवरची नजर न हलवता म्हणाले. "मॅडम, सही जरा लवकर करता का?"